दोरा, टाचण्या आणि उधाणाचं पाणी

ठाण्यात घंटाळीहून तलावपाळीला चालत जायचा रस्ता कागदावर काढून दाखवा, असं मी एका रविवारी आईला आणि भाच्याला सांगितलं. मीही एक कागद घेतला. माझ्या नकाशात रस्ते, चौक आणि त्यांची नावं आली, मोबाइलवर दिसतात तशी. आईच्या कागदावर रस्त्याचं एकही नाव नव्हतं. पायाखाली हलणारी फरशी होती, भर दुपारीही सावली देणारं झाड होतं, रिक्षा वळतात म्हणून थांबावं लागतं तो कोपरा होता आणि गुडघा भरून आला की टेकायला मिळतो तो एका दुकानाचा कट्टा होता. भाच्याने तीन कुत्री काढली होती आणि गटाराचं एक भलंमोठं झाकण.

रस्ता एकच. नगररचनेच्या कामात जो नकाशा वापरतात तो माझ्यासारखा असतो. उरलेले दोन कागदावर कसे आणायचे, याचंही एक शास्त्र आहे.

उंदीर चक्रव्यूहातून फिरताना नुसती डावी-उजवी वळणं पाठ करत नाही, सगळ्या जागेचं चित्र डोक्यात बांधतो, असं मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी १९४८ मध्ये मांडलं. पुढे १९७१ मध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या मेंदूत, प्राणी ठरावीक जागी पोचला की चेतणाऱ्या पेशी सापडल्या. २०१४ चं नोबेल त्यांना मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्यासोबत मिळालं ते याच वाटेवरच्या कामासाठी. माणसांच्या बाबतीत अमेरिकी नगररचनाकार केविन लिंच यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांना त्यांच्या शहराचे नकाशे काढायला लावले. १९६० मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: शहर डोक्यात पाच गोष्टींनी उभं राहतं. मार्ग, कडा, विभाग, नाके आणि खुणा. ठाण्यापुरतं बोलायचं तर कोपरी आणि नौपाड्याच्या मधला रेल्वेमार्ग ही कडा, जांभळी नाका हा नावासकट नाका, आणि मासुंदा तलाव ही अशी खूण की पत्ता सांगताना तो वगळताच येत नाही.

यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांचा अभ्यास. सॅन फ्रान्सिस्कोतले तीन रस्ते त्यांनी निवडले. दिवसाला साधारण २,०००, ८,००० आणि १६,००० गाड्या जाणारे. तुमचं ‘घर’ कुठवर पसरलंय ते नकाशावर दाखवा, असं त्यांनी रहिवाशांना विचारलं. कमी रहदारीच्या रस्त्यावरच्या लोकांनी समोरच्या बाजूलाही आपलं म्हटलं. जास्त रहदारीच्या रस्त्यावर ते ‘घर’ आक्रसून इमारतीच्या दारापर्यंत आलं. पहिल्या रस्त्यावर माणशी सरासरी ३ मित्र होते, तिसऱ्यावर ०.९. गाड्या मोजणाऱ्या यंत्राला हे कधीच सापडलं नसतं. घोडबंदर रस्त्यालगतच्या एखाद्या सोसायटीत हाच प्रश्न विचारून पाहावा, असं मला फार वाटतं.

नवी मुंबईकडे या दृष्टीने पाहिलं तर प्रश्न अधिक खोल जातो. मुंबईला जुळं शहर असावं हा विचार वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता व अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडला. १९७० मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जागा आणि तिच्यात ९५ गावं. शेती, मिठागरं आणि मासेमारीवर जगणाऱ्या आगरी-कोळी माणसांच्या जमिनी या शहरासाठी घेतल्या गेल्या आणि आपलं म्हणणं ऐकवायला त्यांना रस्त्यावर उतरावं लागलं. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या पोलीस गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातूनच पुढे, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना आली. बेलापूरला कोरियांनी आखलेली वसाहत मात्र पाहण्यासारखी आहे. लहान अंगणाभोवती सात-सात घरं, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याने त्याने गरजेप्रमाणे आपलं घर वाढवावं. तिथे राहणाऱ्याचा हात आराखड्यात आधीपासूनच धरलेला होता.

आता पाण्याचं उदाहरण घेऊ. नवी मुंबईचा बराच भाग भराव घातलेला, मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली. म्हणून तिथे धारण तलाव, म्हणजे होल्डिंग पाँड बांधलेत. भरती चढली की खाडीकडची झडप बंद होते, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला झडप उघडून ते बाहेर जातं. मुसळधार पाऊस आणि उधाण एकाच वेळी आलं की गणित बिघडतं. त्या वेळी कुठल्या गल्लीत पाणी आधी चढतं, कुठल्या दुकानाच्या दुसऱ्या पायरीला लागतं, किती तासांनी उतरतं, हे तिथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं असतं. किनाऱ्यावरच्या माणसांना अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे सर्वांत कमी चढणारी भरती, सांगावी लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा हिशोब जुन्या लोकांना तोंडपाठ असतो. अष्टमीला सहाच्या आसपास. चंद्रामुळे भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, त्याचंच हे सोपं रूप.

रहिवाशांना बोलावून घेतलेल्या कार्यशाळेत हे ज्ञान असं उतरवता येतं. वस्तीची थर्माकोलची प्रतिकृती टेबलावर मांडायची. लोकांनी पाणी आलं तिथवर दोरा ताणून टाचण्या लावायच्या, शेजारी चिठ्ठीवर तिथी आणि वेळ लिहायची. इथे एक धोका असतो. मोठा धक्का माणूस विसरत नाही आणि रोजचा त्रास आठवणीत पुसट होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवसाची रेघ प्रत्येकाला आठवेल, पण गटाराची रुंदी ठरवायला दर वर्षीची रेघही हवी. म्हणून दोरे दोन रंगांचे. लाल ‘त्या दिवसा’चा, निळा ‘दर पावसाळ्या’चा. मग अभियंत्याने ते भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहायचे. नळाचा व्यास लोकांच्या मतांनी ठरत नाही. पाणी कुठे तुंबतं हे मात्र त्यांच्याशिवाय नीट कळत नाही.

बोलण्याऐवजी हाताने मांडायचं, यालाही कारण आहे. १९०७ मध्ये ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी प्लिमथच्या जत्रेतल्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. कापल्यावर बैलाचं वजन किती भरेल, याचे ते अंदाज होते. मधला अंदाज १,२०७ पौंड निघाला, खरं वजन १,१९८. पण प्रत्येकाने आपली चिठ्ठी स्वतंत्र लिहिली होती. २०११ मध्ये झुरिकमध्ये १४४ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात दिसलं की इतरांचे आकडे कळले की अंदाज एकमेकांजवळ सरकतात, अचूकता फारशी वाढत नाही आणि खात्री मात्र वाढते. सोसायटीच्या सभेत पहिला जोरात बोलणारा काय करतो, हे आपण सगळे पाहतो. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात टोनी गिब्सन यांनी यावर उपाय काढला. वस्तीची पुठ्ठ्याची प्रतिकृती आणि तिच्यावर ठेवायची निनावी कार्डं. बाक हवा, दिवा हवा, इथे ओलांडायला जागा हवी. कुणी ठेवलं ते कळत नाही, त्यामुळे सासऱ्यासमोर सूनही ‘इथे अंधार असतो’ हे कार्ड ठेवू शकते. शेवटी कार्डं तीन ढिगांत लावायची: आत्ता, लवकर, नंतर.

आपल्याकडे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती आणि सूचना मागवतात, सुनावणी होते. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तीत माहिती देणं ही तिसरी पायरी, मत विचारणं चौथी आणि भागीदारी सहावी. रेघा आखून झाल्यावर हरकत मागणं चौथीच्या वर जात नाही. दोरा आणि टाचण्यांचं काम रेघा आखण्याआधीचं आहे, आणि ते त्याच वेळी व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

कोण आलं नाही, याचीही नोंद ठेवायला लागते. रविवारी सकाळी अकराला बोलावलं तर घरकाम करणाऱ्या बायका येऊ शकत नाहीत, बाजारातल्या कोळणीही नाहीत. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर. त्याला उभ्या गाड्यांपलीकडचा रस्ता दिसतच नाही, म्हणून एक फेरी तेवढ्या उंचीवर कॅमेरा धरून मारायची.

आणि नंतर ती प्रतिकृती गोदामात जाता कामा नये. प्रभाग कार्यालयात किंवा वाचनालयात ती मांडून ठेवायची, प्रत्येक कार्डाला क्रमांक, शेजारी उत्तर: केलं, अमुक महिन्यात करू, किंवा होणार नाही आणि का. नकारही कारणासकट लिहिलेला असला की माणसं पुन्हा येतात. येता-जाता कुणी थांबतं, चष्मा वर करून बघतं, आणि ‘इथवर नव्हतं आलं पाणी’ म्हणत निळा दोरा दोन बोटं डावीकडे सरकवतं.