रूपाचं माप कुणाच्या हाती?

नागपुरात लग्नसराई जवळ आली की समाजासमाजाचे उपवर-उपवधू परिचय मेळावे सुरू होतात. अनेक स्मरणिकांमध्ये फोटोखाली शिक्षण, पगार, गोत्र यांच्या जोडीला वर्णाचाही रकाना असतो. 'सावळी' लिहिताना पालकांचा हात जड होतो, मग पोरगी कागदावर 'गव्हाळ' होते.

देखण्या माणसाचं सगळं सोपं, असं आपण धरून चालतो. विदर्भाची सगळ्यात जुनी रूपवती दमयंती, पण तिची कथा वेगळंच सांगते. तिच्या रूपाची कीर्ती ऐकून इंद्र, अग्नी, वरुण, यम असे चौघे देव स्वयंवराला आले आणि नलाचंच रूप घेऊन बसले. तिनं खरा नल ओळखला. मागाहून आलेला कली मात्र चिडला आणि पुढचा द्यूत, वनवास सगळा त्या रागातून घडला. पुढे कर्कोटक नागाच्या दंशानं नल विद्रूप होतो, आणि ते विद्रूपपणच त्याच्या कामी येतं. कुणी ओळखत नाही म्हणून तो बाहुक या नावानं ऋतुपर्ण राजाकडे सारथ्य करत निभावून नेतो.

नीतिश्लोकांनी तर रूपाचा दोष थेट बाईच्या माथी मारला. 'भार्या रूपवती शत्रुः' हे एक, आणि सीतेचं हरण 'अतिरूपेण' झालं हे दुसरं. गुन्हा रावणाचा, दंड सीतेच्या रूपाला! पोरीला छेडलं तर 'तुला एवढं नटायची काय गरज होती' हे वाक्य आजही घराघरात ऐकू येतं, त्याचं मूळ इतकं जुनं आहे. याच्या अगदी उलट टोकाला चोखोबा उभे. त्यांचा जन्म बुलढाण्यातल्या मेहुणाराजाचा मानतात. 'काय भुललासी वरलिया रंगा' हा प्रश्न त्यांनी देवळाबाहेर ठेवलेल्या माणसाच्या जागेवरून विचारला, त्यामुळे तो नुसत्या कातडीपुरता उरत नाही.

विसाव्या शतकात हेच सगळं मोजायला घेतलं गेलं. १९२० मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांना दिसलं, की लष्करी अधिकारी एखाद्या जवानाच्या अंगकाठीला चांगले गुण देत असतील, तर त्याच्या बुद्धीला आणि चारित्र्यालाही देतात. १९७२ मध्ये डायन, बर्शाइड आणि वॉल्स्टर यांनी लोकांना नुसते फोटो दाखवले. देखणी माणसं स्वभावानं चांगली आणि आयुष्यात सुखी असणार, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. हॅमरमेश आणि बिडल या अर्थतज्ज्ञांनी १९९४ मध्ये अमेरिका-कॅनडातली आकडेवारी लावली, तेव्हा सामान्य रूपाच्या माणसापेक्षा कुरूप समजल्या जाणाऱ्याची कमाई साधारण ५ ते १० टक्के कमी निघाली. पुरुषही यातून सुटले नव्हते, बरं का.

मला यात जास्त बोलका वाटतो तो १९७५ चा प्रयोग. सिगॉल आणि ऑस्ट्रोव्ह यांनी काल्पनिक खटल्यात लोकांना शिक्षा ठरवायला सांगितलं. घरफोडीत देखण्या आरोपी बाईला कमी शिक्षा मिळाली. पण गोड बोलून पैसे उकळल्याचा आरोप असला, की तो फायदा गेला. रूप वापरून फसवलं, असा संशय आला की तेच रूप अंगाशी येतं.

आपल्याकडे १९७५ मध्येच 'फेअर अँड लव्हली' ही गोरेपणाची क्रीम बाजारात आली. तिच्या नावातलं 'फेअर' जायला २०२० उजाडलं. दरम्यान एअर इंडियाचा नियम होता, की हवाई सुंदरी पहिल्या गरोदरपणात नोकरीबाहेर, आणि एरवी पस्तिशीला निवृत्त. १९८१ च्या नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाची अट रद्द केली, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची मात्र ठेवली.

बायकांच्या बाबतीत दुसरी अडचण १९७९ मध्ये हाइलमन आणि सारुवातारी यांनी दाखवली. कारकुनी पदासाठी देखणेपण मदतीला येतं, व्यवस्थापकाच्या पदासाठी आडवं येतं. सीताबर्डीच्या दुकानांत याला प्रयोगाची गरज नाही. काउंटरसाठी 'स्मार्ट मुली पाहिजेत'. त्यातल्याच एकीनं चार वर्षांनी हिशेबाचं, खरेदीचं काम मागितलं, तर मालकाचं उत्तर तयार असतं, "तू काउंटरलाच बरी आहेस, गिऱ्हाईक थांबते."