पोत्यावर ‘बार्शी’ का छापतो?
(ज्वारी आणि तूरडाळीच्या आमच्या ग्राहकांसाठी)

बार्शीचा बाजार रेल्वेपेक्षा जुना. बालाघाटचे डोंगर उतरून येणारा मराठवाड्याचा माल इथं विकला जायचा. 1859 साली मुंबईकडून आलेली मोठी लाइन मात्र गाव सोडून पस्तीसेक किलोमीटरवरून, कुर्डुवाडीवरून गेली. तिथल्या स्टेशनाला नाव दिलं ‘बार्शी रोड’! नावाला भुलून उतरलेल्याला पुढं बैलगाडीच. जवळजवळ चाळीस वर्षं मालही तसाच गेला.

1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी लाइन (दोन रुळांत अडीच फूट अंतर) सुरू केली. तीच ‘बार्शी लाइट’. त्यांचा हिशोब सरळ होता : इंजिन असो वा वाघीण (मालाचा डबा), एका आसावर (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर) पाच टनांपेक्षा जास्त भार नको. भार सगळीकडं सारखा पडला की हलका, म्हणजे स्वस्त रूळ चालतो. चार आसांची वाघीण मालासकट वीस टनांपर्यंत भरता येते. पुढं ही लाइन 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. वारकऱ्यांची सोय झाली, पण आमच्या मते पेठेला खरा हात दिला तो लातूरच्या फाट्यानं.

दुखणं एकच. अडीच फुटी वाघीण साडेपाच फुटी लाइनवर जात नाही. म्हणून कुर्डुवाडीत प्रत्येक पोतं उतरवायचं, पलीकडच्या वाघिणीत पुन्हा थप्पी लावायची. हमालांच्या आकड्यानं गोणपाट फाटे, शिवण उसवे, पावसात तळची थप्पी भिजे. तूट नेमकी कुठं पडली, हे ठरवता येत नसे. कुर्डुवाडीचं पोट मात्र याच उचल-ठेवीवर आणि रेल्वेच्या कारखान्यावर भरलं.

2008 मध्ये लातूरपर्यंत मोठी लाइन झाली. जुनी लाइन धाराशिवला टाळून जायची. नवी तिथून वळवून नेली.

आता आमचा माल ट्रकनं थेट येतो, वाटेत पोतं बदलत नाही. तरी उतरवून घेताना तोंडाची शिवण बघा आणि पोतं ड्रायव्हरसमोर काट्यावर ठेवा. तळ ओलसर लागला तर पावतीवर लिहून त्याची सही घ्या. ट्रक गेल्यावर सांगितलेली तूट भरून देता येत नाही.