ओआरएस आणि ग्लुकोज पावडर: कुठे काय द्यायचे

मेडिकलमध्ये ‘जुलाबावर काहीतरी द्या’ म्हटले की कधी ओआरएसची (पाण्यात कालवून पाजायच्या क्षार आणि ग्लुकोजच्या मिश्रणाची) पुडी हाती पडते, कधी ग्लुकोज पावडरचा डबा. दोन्ही पांढऱ्या पुडी, पाण्यात कालवून प्यायच्या, आणि दोन्हींनी ‘तरतरी येते’ असा समज. त्यांची कामे मात्र वेगळी आहेत, आणि लहान मुलाच्या बाबतीत ही गल्लत जिवावर बेतू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. ग्लुकोज पावडर म्हणजे बहुतांश नुसते ग्लुकोज. त्यात थोडे कॅल्शियम किंवा जीवनसत्त्वे घातलेली असतात, पण जुलाबात शरीरातून जाणारे सोडियम आणि पोटॅशियम भरून निघेल इतके क्षार नसतात.

हे प्रमाण इतके काटेकोर का, तर लहान आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारी यंत्रणा असते आणि त्यांच्यामागे पाणी रक्तात ओढले जाते. कॉलऱ्यातही ती शाबूत राहते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावरचे मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले.

साखर वाढवली की गणित उलटते. पेय रक्तापेक्षा दाट झाले तर आतडे शरीरातलेच पाणी स्वतःकडे खेचते आणि जुलाब वाढतात. ओआरएसमध्ये १०० मिलिलिटरला जेमतेम १.३५ ग्रॅम ग्लुकोज असते. बाजारातल्या कित्येक फळपेयांत आणि कोल्ड्रिंक्समध्ये १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणून तयार खोक्यातले पेय घेताना पुढचे चित्र सोडा, मागचा मजकूर वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरू नये, असा आदेश एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला. तो यायला फार उशीर झाला, असे आम्हाला स्पष्टपणे वाटते.

पुडी योग्य असली तरी बहुतेक चुका कालवताना होतात. काही पुड्या एक लिटरच्या असतात, काही २०० मिलिलिटरच्या; ते पुडीवर लिहिलेले असते. मोठी पुडी पेलाभर पाण्यात घातली तर रक्तातले सोडियम धोकादायक वाढू शकते. ‘थोडी थोडी वापरू’ म्हणून चमच्याने काढली तर प्रमाण बिघडते, कारण पुडीत क्षार सगळीकडे सारखे मिसळलेले असतीलच असे नाही. एक लिटरच्या पुडीला पाण्याची रिकामी, स्वच्छ धुतलेली लिटरची बाटली हे उत्तम माप. पाणी आधी उकळून गार करा, पुडी घातल्यावर उकळू नका. वरून साखर, दूध, सरबत काहीही नको. २४ तासांनी उरलेले ओतून द्या.

दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, मोठ्यांना हवे तितके. डोळे खोल गेले असतील, मूल किरकिर करत अधाशासारखे पीत असेल, तर दवाखान्यात देखरेखीखाली चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर देतात; दहा किलोच्या मुलाला ७५० मिलिलिटर. उलटी झाली की लोक पाजणेच थांबवतात. तसे करू नका. दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करा. सोबत झिंक द्यायचे: सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब आधी थांबले तरी. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण चालू ठेवायचे.

पुडी मिळेपर्यंत मीठ घातलेली पेज किंवा पातळ ताक चालते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असले तरी सोडियम कमी, त्यामुळे एकट्या त्यावर भागत नाही.

ग्लुकोज पावडरची खरी जागा निराळी. मधुमेही माणसाला घाम फुटला, हात थरथरू लागले आणि रक्तातली साखर ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली आली, तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन-चार छोटे चमचे, लगेच पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. इथे ओआरएस तोकडे पडते: २०० मिलिलिटरमध्ये २.७ ग्रॅमच ग्लुकोज मिळते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा. उलट बाजूने, ‘गोड आहे’ म्हणून जुलाब झालेले मधुमेही ओआरएस टाळतात. ते टाळू नये. साखर तपासत राहावी आणि चालू गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे.

मूल मलूल होऊन पिईनासे झाले, पोटाची चिमूट सोडल्यावर कातडी पूर्ववत व्हायला दोन सेकंदांहून जास्त लागले, शौचात रक्त दिसले किंवा उलट्यांमुळे काहीच पोटात टिकत नसेल, तर घरी वाट पाहू नका. गिळता येत असेल तोवर वाटेतही ओआरएसचे घोट देत राहा. पुढे सलाइन लावायचे काम रुग्णालयाचे.