प्रॅक्टिस म्हणजे नक्की काय : रियाज की तालीम?

दर गुरुवारी आमच्या चर्चच्या क्वायरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर मास्तरांचा मेसेज पडतो : ‘शनिवारी संध्याकाळी ६ ला प्रॅक्टिस. सर्वांनी यावे.’ खाली अंगठ्यांची रांग लागते. शनिवारी सहाला निम्मी क्वायर हजर असते, सव्वासहापर्यंत बरीचशी भरते आणि साडेसहाला टेनरमधला (पुरुषांचा वरचा आवाज) एक जण घाम पुसत येतो, फाइल उघडतो आणि शेजारच्याला विचारतो, “आपली चाल कशी आहे रे?” यात आपलं काही चुकलंय असं त्याला अजिबात वाटत नाही. प्रॅक्टिसला बोलावलं, प्रॅक्टिसला आलो.

गोची त्या एका शब्दात आहे. आपल्याकडे याला दोन चांगले वेगळे शब्द होते, ते आपण सोडून दिले. रियाज हा एकट्याचा असतो. दार लावून, पेटी किंवा तानपुरा घेऊन, चुकत माकत, दहा वेळा तीच ओळ. तालीम नाटकवाल्यांची : सगळ्यांनी एकत्र येऊन प्रसंग बसवायचा. (शास्त्रीय गाण्यात गुरूकडून मिळते तीही तालीम, आणि पुण्या-कोल्हापुरात तालीम म्हटलं की आधी लाल माती आठवते. आमच्या काही बेसवाल्यांचा, म्हणजे पुरुषांतल्या खर्जवाल्यांचा, आवाज ऐकून ते तिथूनच आलेत असं वाटतं, पण ते असो.) नाटकात पहिल्या वाचनाला हातात वही चालते. पंधरवड्यानंतरही नट वही घेऊनच उभा राहिला तर समोरच्या नटीने कुणाच्या डोळ्यांत बघून बोलायचं?

क्वायरमधली शिस्त, शिष्टाचार, बांधिलकी असं जे काही सांगितलं जातं, त्यातलं बहुतेक या दोन शब्दांतल्या फरकातून निघतं. मी बारा वर्षं आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, गाते आहे, आणि आमच्यात झालेली जवळजवळ प्रत्येक कुरबूर रियाज आणि तालीम यांची सरमिसळ झाल्यामुळे झाली, असं माझं मत आहे.

आधी रियाज. त्यात आपले स्वर, आपले शब्द आणि शब्दांचा अर्थ येतो, इतकंच. सोप्रानोंना, म्हणजे बायकांच्या वरच्या आवाजाला, हे सोपं जातं, कारण चाल त्यांच्याकडेच असते, भांडी घासतानाही गुणगुणता येते. आल्टोची ओळ ही चाल नसतेच. चार मात्रा एकाच स्वरावर बसून राहायचं, मग अर्धा स्वर खाली, मग पुन्हा वर. वर सोप्रानो छान फिरून येतात आणि आपण ओट्याशी उभं राहिल्यासारखे तिथेच. ही ओळ तालमीत ऐकून ऐकून बसेल असं म्हणणाऱ्या आल्टोचं काय होतं, तर तिसऱ्या ओळीपर्यंत ती सोप्रानो झालेली असते. म्हणून मी घरी फोनवर सोप्रानोचं रेकॉर्डिंग लावते आणि त्याच्यावर आपली ओळ म्हणते. सोप्रानो ओढतात, मी हलत नाही. हलले नाही की माझा रियाज झाला.

नोटेशन येत नाही ही सबब मला पटत नाही. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेन यांनी रुजवलेली टॉनिक सोल्फा ही स्वर अक्षरांनी लिहायची पद्धत मिझोरामच्या गीतपुस्तकांत आजही छापली जाते. तिच्यातला ‘डो’ आपल्या ‘सा’सारखाच हलता असतो, गाण्याची पट्टी बदलली की तोही बदलतो. सरगम लिहिता येणाऱ्या मराठी माणसाने आपली ओळ सरगममध्ये लिहून घ्यावी. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या पॅरिश शाळांत चर्चचे मेस्त (संगीतशिक्षक) मुलांना आधी सॉल्फेज, म्हणजे स्वरांची नावं घेत गाणं, घोटून शिकवत आणि मग वाद्य हातात देत. रियाज शाळेत उरकलेला, म्हणून क्वायरच्या माळ्यावर गेल्यावर तालीम करायला वेळ मिळायचा.

तालमीत काय होतं ते घरी करताच येत नाही. आमचं एक उदाहरण सांगते. एका कडव्याच्या शेवटी ‘ख्रिस्त’ शब्द लांबवून संपतो. चोवीस जण, प्रत्येकाचा घरचा रियाज उत्तम. पहिल्यांदा एकत्र गायलो तेव्हा निम्म्यांनी ‘ख्रिस्त’ असा तोडला, काहींनी शेवटी ‘अ’ लावून ‘ख्रिस्तऽ’ केला आणि तोडणाऱ्यांचा ‘स्त’ही एका वेळी पडला नाही. पत्र्यावर पहिला पाऊस पडतो तसं स्त, स्त, स्त. मास्तरांनी पेटी बंद केली. पुढची वीस मिनिटं आम्ही त्या एका जोडाक्षरावर होतो. ‘अ’ लावायचा नाही, त्यांची मूठ मिटली की ‘स्त’. यात कुणाचंच आधीचं चुकलेलं नव्हतं. फक्त हे ठरवायला चोवीस जण एका खोलीत लागतात.

श्वासाचंही तसंच. एकट्याने गाताना शब्द संपला की श्वास घ्यावा. क्वायरमध्ये लांब ओळीत शेजारणीने जिथे घेतला तिथे मी घ्यायचा नाही, म्हणजे ऐकणाऱ्याला ओळ कुठेही तुटलेली कळत नाही. आमच्यात याला चोरटा श्वास म्हणतात. कुणी कुठे चोरायचा ते तालमीत ठरतं आणि पेन्सिलीने खूण होते. म्हणून पेन्सिल हवी. पेनाने खुणा करणारा माणूस पुढच्या वर्षी त्या फाइलमधून गाणाऱ्याचा विचार करत नाही.

आता जरा नाजूक गोष्ट. चांगला रियाज असलेला माणूसच कधीकधी तालमीत सगळ्यात जड जातो. आमच्याकडे एक काका होते, शास्त्रीय गाण्याची दहा वर्षं बैठक. लांबवलेला स्वर आला की त्यांच्या गळ्यातून आपोआप एक मुरकी सुटायची. सुंदर मुरकी. चार आवाजांच्या सरळ स्वरसंगतीत ती म्हणजे इस्त्री केलेल्या चादरीवरची सुरकुती. मास्तर म्हणाले, “काका, ही भजनाला ठेवा.” आणि खरंच, त्याच रविवारी नारायण वामन टिळकांचं पद होतं. तिथे एकाने ओळ सांगायची, मागून मंडळीने उचलायची, ढोलकी-टाळ सोबत. काकांनी पद सांगितलं, हरकती घेतल्या, सगळं चर्च डोलत होतं. मराठी चर्चच्या क्वायरला एका सकाळी या दोन्ही रीती पाळाव्या लागतात. कुठे आपला गळा दाखवायचा आणि कुठे लपवायचा हे तालमीत कळतं.

बाकीचे नियम भराभर सांगते. दुसऱ्या आवाजाची ओळ चालू असताना आपली गुणगुणू नये. शेजारणीला आपण शिकवू नये, मास्तर आहेत. आपण चुकलो तर हात थोडा वर करायचा, म्हणजे मास्तरांना कळतं की आपल्याला कळलंय, आणि ते थांबत नाहीत. उग्र अत्तर लावून येऊ नये, मागच्या रांगेला ठसका लागतो.

वेळेचा हिशेब मात्र सावकाश करावा. रियाजाला मी दहा मिनिटं उशिरा बसले तर माझी दहा मिनिटं गेली. तालमीत एकाची ओळ बसवायला दहा मिनिटं थांबलो तर चोवीस माणसांचे मिळून चार तास गेले. त्यात कुणी कोथरूडहून दोन बस बदलून आलेलं असतं, कुणी कुकर लावायचा ठेवून.

गैरहजेरीवरून थोर जर्मन संगीतकार बाखही वैतागलेला होता. लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेतल्या मुलांची क्वायर त्याच्याकडे होती. १७३० मध्ये त्याने नगरपालिकेला लेखी कळवलं की प्रत्येक क्वायरला निदान बारा गायक हवेत, एका आवाजाला तीन, कारण मुलं आजारी पडतात आणि या दिवसांत तर फारच. चार-चार मिळाले तर आणखी बरं. त्याच अर्जात त्याने ५४ मुलांचा हिशेब दिला आहे : १७ कामाची, २० अजून तयार व्हायची, १७ निरुपयोगी. हाच बाख तरुणपणी आर्नश्टाटला ऑर्गन वाजवत असताना बुक्स्टेहूड या नामांकित ऑर्गनवादकाचं वादन ऐकायला चार आठवड्यांची रजा काढून ल्यूबेकला गेला आणि साधारण चौपट दिवस राहून आला. चर्चच्या मंडळाने त्याबद्दल त्याला जाब विचारला. आमच्या मास्तरांना हा किस्सा मी अजून सांगितलेला नाही.

रियाज चुकला तर रात्री जागून भरून काढता येतो. तालीम चुकली की चुकली, तेवढे लोक पुन्हा जमत नाहीत. म्हणून आमच्याकडे नियम आहे : शनिवारी नाही, तर रविवारी क्वायरमध्ये उभं राहायचं नाही, मंडळीत बसायचं. मला तो जाचक वाटायचा. एकदा मावसबहिणीच्या साखरपुड्यामुळे शनिवार बुडला. गाणं मला तोंडपाठ होतं, स्वरासकट. तरी मास्तर म्हणाले, “आज खाली बस गं.” मी फुगून चौथ्या बाकावर बसले, आणि ते गाणं आलं तेव्हा हट्टाने बाकावरूनच माझी आल्टोची ओळ गायला लागले. दोन कडवी बरोबर गेली. तिसरं सुरू होताना मास्तरांचा हात खाली आला आणि सगळी क्वायर एकदम कुजबुजीएवढ्या आवाजावर उतरली. हे शनिवारी ठरलं होतं. मी मात्र ठणठणीत आवाजात, एकटी, पूर्ण दीड ओळ. पुढच्या बाकावरचं लेकरू मागे वळून बघतच राहिलं.

एक वसईची मैत्रीण कॅथलिक चर्चच्या क्वायरमध्ये गाते. तिच्याकडे ईस्टरआधीच्या उपवासकाळात वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून वाजतात. मधले तुकडे, नुसतं वादन बंद, अपवाद चौथ्या रविवारचा आणि मोठ्या सणांचा. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या जागरणापर्यंत आलेलुया हा स्तुतीचा घोष तर अजिबात गायचं नाही. ती म्हणते, एरवी ऑर्गनच्या तुकड्याआड सगळं लपतं, कोण उशिरा उठलं, कुणाची फाइल उघडायची राहिली. उपवासकाळात काही लपत नाही. त्या आठवड्यांत त्यांच्या तालमीला सगळे वेळेवर येतात. एवढ्या दिवसांनी ईस्टरच्या रात्री आलेलुया परत यायचा असतो, त्याचा घरचा रियाज ती पोळ्या लाटताना करते, दार लावून, कारण सासूबाईंना तो त्या दिवसांत कानावरही नको असतो.

रविवारच्या वागण्याचं थोडं. कॅथलिक चर्चच्या नियमावलीत असं आहे की क्वायर कुठेही बसली तरी ती जमलेल्या लोकांचाच भाग आहे हे दिसलं पाहिजे. आमचं चर्च प्रॉटेस्टंट, पण मला हे फार पटतं. संदेश, म्हणजे प्रवचन, चालू असताना पुढच्या गाण्याची पानं उलटणं, एकमेकींना खुणा करणं म्हणजे तालीम उपासनेत आणणं. शनिवारी बसलं नाही ते रविवारी संदेशाच्या वेळी बसत नाही.

गेल्या महिन्यात मी मास्तरांना सुचवलं की मेसेजमध्ये ‘प्रॅक्टिस’ लिहूच नका. त्यांनी लगेच बदल केला : ‘शुक्रवारपर्यंत रियाज : गीताची सर्व कडवी, आपापला आवाज. शनिवारी ६ ला तालीम.’ नेहमीप्रमाणे अंगठ्यांची रांग लागली. रात्री अकराला त्या टेनरचा मेसेज आला : ‘सर, रियाज चर्चमध्येच आहे का? आणि किती वाजता?’