टाळू, साखर आणि डब्यावरची तीन अक्षरं

दोन वर्षांपूर्वी, पंचगंगेला नवं पाणी आलं त्या आठवड्यात, माझा नऊ महिन्यांचा भाचा जुलाबानं मलूल झाला. "दात येत्यात, जुलाब हुणारच की," म्हणत आजींनी दृष्ट काढली आणि टाळूवर तेल थापलं. मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मेडिकलमधून पुठ्ठ्याचा चकचकीत डबा आणला. संत्र्याची चव, समोर ठळक 'ओआरएस', म्हणजे जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी. बाळ मिटक्या मारत प्यायलं आणि रात्रीत जुलाब वाढले.

सकाळी डॉक्टरांनी आधी टाळूवरून बोट फिरवलं. वाटीसारखा खळगा पडला होता. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश सपाट झाली. मग डबा फिरवून मागची बारीक अक्षरं मला वाचायला लावली: १०० मिलिलीटरला ११ ग्रॅम साखर. "हे सरबत आहे," ते एवढंच म्हणाले.

टाळू बसते ती अंगातलं पाणी गेल्यामुळे. तेलानं ती भरत नाही. दातांचाही जुलाबाशी संबंध नाही. त्या वयात मूल सापडेल ते तोंडात घालतं, जंतू तिथून जातात.

पण साखरेनं जुलाब का वाढावेत? खऱ्या ओआरएसमध्येही साखर असतेच! गंमत इथंच आहे. जुलाबात आतड्याच्या पेशींची मीठ शोषायची नेहमीची वाट मंदावते. नुसतं मीठपाणी पाजून फारसं भागत नाही. मात्र एक दार कॉलऱ्यातसुद्धा चालू राहतं: एसजीएलटी-१ नावाचं प्रथिन. त्यात सोडियमचे दोन आयन बसले की त्याचा आकार बदलतो, ग्लुकोजच्या एका रेणूला जागा होते, आणि तिघं मिळून पेशीत उतरतात. पेशीच्या मागच्या बाजूचा पंप सोडियम सतत रक्ताकडे ढकलतो. त्यामुळे आत सोडियमची टंचाई टिकते आणि दाराची ओढही. या दोघांमागून परासरणानं, म्हणजे पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे, पाणी येतं. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडवाहतूक १९६० साली मांडली.

म्हणून ओआरएसचं माप काटेकोर असतं. लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. कणांच्या संख्येत ग्लुकोज आणि सोडियम सारखेच, दोन्ही ७५ मिलिमोल. एकूण परासारिता, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, २४५, रक्ताची साधारण २९०. म्हणजे पाण्याचा ओघ रक्ताकडे. माझ्या डब्यात लिटरला ११० ग्रॅम साखर होती, ओआरएसच्या आठपट. दारं भरून गेल्यावर उरलेली साखर आतड्यातच राहते आणि उलट अंगातलं पाणी खेचते. आमच्या गुळाच्या गावात 'गोड म्हणजे ताकद' ही समजूत पक्की, पण आजारी बाळाला तीच नडते.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस या बालरोगतज्ज्ञानं मीठ-ग्लुकोजचं पाणी नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं हेच धोरण म्हणून उचललं.

डब्यावरचं नावही धोरणाचाच भाग. गोड पेयांवर 'ओआरएस' छापू नये यासाठी हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष जवळपास आठ वर्षं झगडल्या. पत्रं लिहिली, उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं आधी पेयांवर हा शब्द वापरायला मनाई केली, मग काही महिन्यांत 'हे प्रमाणित ओआरएस नव्हे' असा खुलासा छापून वापरायची मुभा दिली. तान्ह्याला कडेवर घेऊन काउंटरशी उभी असलेली बाई तो खुलासा कधी वाचणार? अखेर १४ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशानं ती मुभा काढून घेतली.

दवाखान्यात डॉक्टर एका बाळाची टाळू तपासतात. तसे हजारो खळगे पाहिलेला माणूसच सरकारला सांगू शकतो की चूक आईची नाही, छापलेल्या शब्दाची आहे. मला हे काम चिठ्ठी लिहिण्याइतकंच वैद्यकीय वाटतं.

भाच्याला त्या दिवशी साध्या पाकिटातलं ओआरएस चमच्या-चमच्यानं पाजलं, सोबत १४ दिवस झिंक. चव खारट, त्यानं तोंड वेडंवाकडं केलं. दुसऱ्या संध्याकाळी लघवीनं लंगोट ओला झाला, तेव्हा आजींनीच तो उचलून सगळ्यांना दाखवला.