परीक्षा ‘दिली’ की ‘घेतली’? इंग्रजी नामाचे क्रियापद कसे ठरते

‘आय गेव्ह माय एक्झाम यस्टर्डे’ हे वाक्य पुण्यात किंवा नागपुरात कोणी उच्चारले, तर ऐकणाऱ्याला त्यात खटकण्यासारखे काही वाटत नाही. लंडनमधल्या श्रोत्याला मात्र बोलणारी व्यक्ती विद्यार्थी नसून शिक्षक असावी, अशी शंका येते; कारण तिकडे परीक्षा ‘गिव्ह’ करतो तो परीक्षक, आणि विद्यार्थी ती ‘टेक’ करतो किंवा तिला ‘सिट’ करतो, म्हणजे शब्दशः बसतो. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतो. प्रसंग तोच, माणसे तीच, पण देणारा आणि घेणारा यांची नेमकी अदलाबदल झालेली.

या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. काळ बरोबर आहे, शब्दक्रम बरोबर आहे आणि प्रत्येक शब्दाचा अर्थही बोलणाऱ्याला पक्का ठाऊक आहे. बिघाड आहे तो फक्त नाम आणि क्रियापद यांच्या जोडीत. अशा ठरून गेलेल्या जोडीला भाषाविज्ञानात ‘कोलोकेशन’ म्हणतात. आपण तिला शब्दसंगती म्हणू.

परकी भाषा शिकताना ही संगत विक्षिप्त वाटते, पण आपली भाषा त्या बाबतीत जराही कमी नाही. मराठीत भूक लागते, ताप येतो, लाज वाटते आणि थंडी चक्क वाजते. शेजारच्या हिंदीत हीच थंडी ‘लगती है’. आपण फोटो काढतो, रांगोळी काढतो, गाईची धार काढतो, झोप काढतो आणि वाईट दिवसही काढतो. एखाद्या परदेशी विद्यार्थ्याने ‘थंडी का वाजते? तिचा आवाज होतो का?’ असे विचारले, तर ‘तसेच म्हणतात’ यापलीकडे आपल्यापाशी चटकन उत्तर नसते. इंग्रजांचीही ‘मेक अ मिस्टेक’ आणि ‘डू होमवर्क’ यांच्याबाबत हीच अवस्था असते.

या जोड्यांमधले क्रियापद बहुतेक वेळा आपला मूळ अर्थ बराचसा सोडून आलेले असते. ‘टेक अ वॉक’ म्हणताना कोणी काही घेत नाही आणि ‘हॅव अ लुक’ म्हणताना कोणाच्या मालकीचे काही नसते. अर्थाचा सगळा भार नामावर असतो. क्रियापद काळ, पुरुष आणि वाक्याचा सांगाडा तेवढा पुरवते. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९४२ साली इंग्रजीतल्या अशा क्रियापदांना ‘लाइट व्हर्ब’, म्हणजे हलकी क्रियापदे, असे नाव दिले. तरीही ती अगदी पोकळ नसतात. मूळ इंग्रजी भाषक ‘हॅव अ ड्रिंक’ म्हणतो, पण ‘हॅव अन ईट’ म्हणत नाही. असे का, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञ आना विएझ्बित्स्का यांनी १९८२ साली एका शोधनिबंधाच्या शीर्षकातच विचारला होता. गंमत म्हणून केलेला प्रश्न वाटावा असा तो आहे, पण अशा रचनांनाही अर्थाचे सूक्ष्म नियम असतात, हे दाखवण्यासाठीच त्यांनी तो उभा केला.

मराठी माणसाची सर्वात मोठी अडचण ‘करणे’ या क्रियापदापाशी होते. आपण चूक करतो, गुन्हा करतो, अभ्यास करतो, फोन करतो, उपकार करतो आणि अंघोळही करतो. हे एक क्रियापद इंग्रजीत शिरताना फुटते: चुकीसाठी ‘मेक’, गुन्ह्यासाठी ‘कमिट’, गृहपाठासाठी ‘डू’, फोनसाठी पुन्हा ‘मेक’, उपकारासाठी ‘डू’, आणि अंघोळीसाठी अमेरिकेत ‘टेक’ तर ब्रिटनमध्ये बहुधा ‘हॅव’. ज्यातून काहीतरी नवे निर्माण होते तिथे ‘मेक’ आणि जिथे नुसते काम पार पडते तिथे ‘डू’, असा नियम वर्गात सांगतात. तो निरुपयोगी नाही, पण फार दूरही नेत नाही. भांडी घासणे म्हणजे ‘डू द डिशेस’ हे त्या नियमात बसते. अंथरूण नीट आवरणे म्हणजे ‘मेक द बेड’ हे बसत नाही, कारण पलंग तर आधीच तयार असतो. नुकसान किंवा इजा करणे यासाठी ‘डू हार्म’ म्हणतात, आणि उपद्रव देण्यासाठी ‘मेक ट्रबल’. या दोहोंत निर्मितीचा फरक शोधायचा म्हटले तर डोके खाजवत बसावे लागेल.

उलट बाजूने पाहिले तर इंग्रजी ‘टेक’ मराठीत येताना असेच विखुरते. शपथ आणि श्वास आपण घेतो, फोटो काढतो, परीक्षा देतो आणि वेळ तर आपण होऊन लागतो. औषधाचे उदाहरण मला विशेष आवडते. इंग्रजीत आणि मराठीत ते ‘घेतात’, जपानीत ते ‘पितात’, मग ती कोरडी गोळी का असेना, आणि चिनी भाषेत ते ‘खातात’. निर्णयाचीही तीच तऱ्हा: इंग्रजीत तो ‘मेक’ करतात, फ्रेंचमध्ये मराठीसारखाच घेतात, आणि जर्मनमध्ये त्याच्यासाठी जे क्रियापद वापरतात त्याचा एरवीचा अर्थ ‘भेटणे’ किंवा ‘नेमके लागणे’ असा आहे. ब्रिटिश इंग्रजीत ‘टेक अ डिसिजन’ही चालते, त्यामुळे ‘निर्णय घेणे’ जसेच्या तसे भाषांतरित करणारा मराठी माणूस तिथे योगायोगाने वाचतो. असे योगायोगच पुढे दगा देतात, कारण शब्दशः भाषांतर चालून जाते असा विश्वास त्यांतूनच बसतो.

‘टेक’ या शब्दाचा स्वतःचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. जुन्या इंग्रजीत ‘घेणे’ यासाठी ‘निमन’ हे क्रियापद होते. जर्मन भाषेत त्याचे भावंड ‘नेमेन’ आजही त्याच अर्थाने वापरात आहे. इंग्लंडमध्ये वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या ‘टाका’ या शब्दाने ‘निमन’ला हळूहळू हटवले. त्या जुन्या क्रियापदाचा अवशेष ‘नम’, म्हणजे बधिर, या शब्दात उरला आहे. बधिर अवयव म्हणजे ज्याची संवेदना ‘घेतली गेली’ आहे असा अवयव.

शब्दसंगतीच्या विषयाकडे आधी लक्ष गेले ते शिक्षकांचे. हॅरल्ड पामर हे इंग्रज अध्यापक टोकियोत इंग्रजी अध्यापनावर संशोधन करत होते, आणि १९३३ साली त्यांनी इंग्रजी शब्दसंगतींचा एक मोठा अहवाल तिथेच प्रसिद्ध केला. शब्द सुटे शिकवून भागत नाही, हे त्यांना जपानी विद्यार्थ्यांनी दाखवून दिले होते. या कल्पनेला भाषाविज्ञानात प्रतिष्ठा मिळवून दिली ती ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, हे त्यांचे १९५७ सालचे विधान आज संगणकशास्त्राचे विद्यार्थीही उद्धृत करतात. हेच फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते.

संगत आहे हे कानाला कळते. ती मोजायची कशी, हा प्रश्न संगणक हाताशी येईपर्यंत अडून होता. मोजण्यासाठी आधी मजकुराचा मोठा साठा लागतो. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात १९६० च्या दशकात दहा लाख शब्दांचा असा साठा तयार झाला, आणि १९९० च्या दशकात ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये दहा कोटी शब्द जमा झाले. आता हिशेब पाहू; आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. दहा लाख शब्दांच्या साठ्यात ‘होमवर्क’ १०० वेळा आणि ‘डू’ची सगळी रूपे मिळून ५,००० वेळा आली आहेत, असे समजा. प्रत्येक ‘होमवर्क’च्या आधीचे चार शब्द तपासले, तर एकूण ४०० जागा होतात. शब्द निव्वळ योगायोगाने विखुरलेले असते, तर दर २०० शब्दांमागे एक ‘डू’ या प्रमाणात त्या ४०० जागांमध्ये ‘डू’ दोनदाच सापडायला हवे होते. प्रत्यक्षात ते ६४ वेळा सापडले, तर ही जोडी योगायोगापेक्षा ३२ पट घट्ट ठरते. या पटीचा दोन या पायावरचा लॉगरिदम घेतला की ५ हा अंक मिळतो, कारण पाच वेळा दोन घेऊन त्यांचा गुणाकार केला की ३२ होतात. केनेथ चर्च आणि कोशकार पॅट्रिक हँक्स यांनी १९९० साली शब्दांच्या जोड्यांसाठी हेच माप सुचवले. त्याचे नाव ‘म्युच्युअल इन्फर्मेशन’.

या मापात एक खोट आहे. संपूर्ण साठ्यात एकेकदाच आलेले दोन दुर्मीळ शब्द अपघाताने शेजारी आले, तरी त्यांना भरमसाट गुण मिळतात. म्हणून कोशकार एकट्या त्याच मापावर विसंबत नाहीत. जोडी मुळात किती वेळा आली आहे हेही पाहतात, आणि शेवटी तो शब्द आलेल्या साठ्यातल्या ओळी डोळ्यांखालून घालतात. या ओळी छापण्याची एक खास रीत आहे: शोधलेला शब्द प्रत्येक ओळीच्या बरोबर मध्यभागी येतो आणि ओळी एकाखाली एक रचल्या जातात. ‘डिसिजन’ मध्यभागी ठेवून डावीकडची उतरंड वाचत गेले की ‘मेक’, ‘मेड’, ‘रीच’, ‘डिफेंड’, ‘रिव्हर्स’ असे सोबती वर तरंगू लागतात. ‘कमिट’ मध्यभागी ठेवले तर उजवीकडे गुन्हा, खून, आत्महत्या आणि पाप यांची रांग लागते. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे ‘कमिट अ मिस्टेक’ इंग्रजी कानाला गरजेपेक्षा गंभीर का वाटते, हे त्या रांगेवरून समजते: किरकोळ चूक त्या मंडळींच्या पंक्तीला जाऊन बसते.

क्रियापद निवडण्याची दिशा कोणती, हा माझ्या मते या विषयातला सर्वात कामाचा प्रश्न आहे. ‘मेक कुठे वापरायचे आणि डू कुठे?’ असे आपण विचारतो, म्हणजे क्रियापदापासून सुरुवात करतो. बोलणाऱ्याच्या मनात मात्र आधी नाम येते. त्याला चुकीविषयी किंवा निर्णयाविषयी बोलायचे असते आणि त्या नामाला लागणारे क्रियापद तो नंतर शोधतो. रशियन भाषाशास्त्रज्ञ इगोर मेलचुक यांनी ही गोष्ट गणितातल्या फलनासारखी मांडली: एका बाजूने नाम घातले की दुसऱ्या बाजूने त्या भाषेतले ठरलेले हलके क्रियापद बाहेर पडते. फलन सगळ्या भाषांमध्ये एकच, उत्तरे मात्र प्रत्येक भाषेची वेगळी. शब्दसंगतींचे चांगले कोश याच तत्त्वाने रचलेले असतात. ऑक्सफर्डने २००२ साली काढलेल्या अशा कोशात ‘मिस्टेक’ या नोंदीखाली ‘मेक’ सापडते. ‘मेक’खाली ‘मिस्टेक’ शोधत बसणे म्हणजे आडनावांच्या यादीत माणसाला पहिल्या नावाने हुडकणे होय.

या चुका नवशिक्यांपुरत्या असतात, हाही एक गैरसमज आहे. नादिया नेसेलहाउफ यांनी २००३ साली इंग्रजीच्या जर्मनभाषक प्रगत विद्यार्थ्यांचे निबंध तपासले, तेव्हा त्यांच्याही क्रियापद-नाम जोड्यांमध्ये चुका आढळल्या, आणि त्यांमागे मातृभाषेचा हात समजला जात होता त्याहून मोठा निघाला. जपानी भाषकांवरच्या २०१० सालच्या एका प्रयोगात, दोन्ही भाषांमध्ये शब्दशः जुळणाऱ्या जोड्या आणि न जुळणाऱ्या जोड्या पडद्यावर दाखवल्या गेल्या. जपानमध्येच इंग्रजी शिकणाऱ्यांना न जुळणाऱ्या जोड्या ओळखायला अधिक वेळ लागला आणि चुकाही अधिक झाल्या. इंग्रजीच्या रोजच्या वापरात असलेल्यांचा वेग मात्र तिथे मंदावला नाही, तरी चुका त्यांच्याही झाल्याच.

तेव्हा वहीत शब्द टिपायचा तर एकटा टिपू नये. ‘एक्झाम’च्या पानावर ‘सिट’ आणि ‘टेक’ विद्यार्थ्याच्या बाजूला लिहावेत, आणि ‘सेट’ व ‘मार्क’ शिक्षकाच्या बाजूला. पेपर ‘काढणे’ म्हणजे ‘सेट’, तो ‘तपासणे’ म्हणजे ‘मार्क’. पानाच्या तळाशी एक नोंद दोन्ही बाजूंना लागू पडेल अशी: आपला पेपर फुटतो, त्यांचा ‘लीक’ होतो, म्हणजे गळतो.