टोमॅटो कशामुळे पिकतो?

1991 साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी टोमॅटोच्या झाडातल्या एका जनुकाचं काम थांबवलं. फळं नेहमीसारखी धरली, नीट वाढली, पण पिकेनात. काही झाडावर राहू दिली, काही तोडून ठेवली. 90 ते 150 दिवसांत ती फार तर नारिंगी झाली. लाली आली नाही, मऊपणा नाही, वासही नाही. मग त्याच फळांना बाहेरून इथिलीन वायू दिला आणि ती पिकली.

थांबवलेलं जनुक इथिलीन बनवण्याच्या वाटेवरचं होतं. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन अणूंचा हा साधा वायू म्हणजे वनस्पतींचं संप्रेरक. फळ तो मेथिओनिन या अमिनो आम्लापासून तयार करतं.

कोवळं फळही किंचित इथिलीन सोडतं, पण तेव्हा त्याची निर्मिती आवरलेली असते. फळ पूर्ण वाढून बी तयार झालं की हेच इथिलीन आणखी इथिलीन बनवायला लावतं. म्हणून क्रेटमधल्या एका पिकल्या टोमॅटोमुळे शेजारचे भराभर रंग धरतात. आंब्याच्या अढीतही हाच वायू कोंडलेला असतो. द्राक्षं आणि डाळिंबं मात्र या जातकुळीतली नाहीत. ती तोडल्यावर पिकत नाहीत.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पेशीत घडणारं. इथिलीन ओळखणारी प्रथिनं वायू नसताना स्वस्थ बसलेली नसतात. उलट तेव्हाच ती पिकण्याची यंत्रणा दाबून धरतात. इथिलीन येऊन चिकटलं की त्यांची पकड सुटते. ‘नेव्हर राइप’ नावाच्या टोमॅटोत अशाच एका प्रथिनात दोष आहे. तिथे इथिलीन चिकटतच नाही, त्यामुळे बाहेरून कितीही वायू द्या, फळ नीट पिकत नाही. पकड सुटली की हरितद्रव्य मोडतं, लायकोपीन हे रंगद्रव्य साठून लाली येते, पेशीभित्तिका सैल होतात, सुगंधी द्रव्यं तयार होतात.

नारायणगावच्या बाजारातून दूरवर जाणारा टोमॅटो पूर्ण लाल होण्याआधी तोडतात. देठाच्या विरुद्ध टोकाला रंग फुटू लागला, की फळ स्वतःचं इथिलीन बनवू लागलेलं असतं. वाटेत ते पिकतं. पण गोडीची गोष्ट वेगळी. केळ्यातलं पिष्ट पिकताना साखर होतं. टोमॅटोत तोपर्यंत पिष्ट फारसं उरलेलंच नसतं. साखर झाडाकडूनच यायची, आणि तोडणीबरोबर ती वाट बंद होते. फार हिरवा तोडलेला टोमॅटो म्हणूनच लाल होऊनही पांचट लागतो, आणि याचा दोष इथिलीनला देणं मला अन्यायाचं वाटतं.

तापमानही सांभाळावं लागतं. तीस अंशांच्या वर लायकोपीन नीट तयार होत नाही, म्हणून भर उन्हाळ्यात फळ पिवळट-नारिंगी राहतं. दहा-बारा अंशांच्या खाली पिकणं रखडतं, वासही जातो. त्यामुळे अर्धवट पिकलेले टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवू नका. ते कागदी पिशवीत, पिकल्या केळ्याशेजारी बाहेरच राहू द्या.